चिलटाला जागा आठवते का? ड्रोसोफिलाच्या स्थानस्मृतीचा प्रयोग कोल्हापुरात बसून कसा करायचा

पिकलेल्या केळ्यांभोवती घोंघावणारी चिलटं, म्हणजे ड्रोसोफिला मेलानोगास्टर, जेमतेम ३ मिलिमीटरची. तिच्या मेंदूत सुमारे १ लाख ४० हजार चेतापेशी असतात आणि त्यांच्या जोडण्यांचा संपूर्ण नकाशा २०२४ साली प्रसिद्ध झाला. एवढ्याशा मेंदूला आपण मघाशी कुठे होतो हे आठवतं. नुसतं ‘या वासाला गेलं की झटका बसतो’ असं नव्हे, तर ‘ती बरी जागा त्या बाजूला होती’ असं.

हे नीट सिद्ध केलं ते टायलर ऑफस्टॅड, चार्ल्स झुकर आणि मायकेल रायझर या तिघांनी, २०११ साली. रिचर्ड मॉरिस यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला उंदरांसाठी पाण्याचा हौद वापरला होता. गढूळ पाण्याखाली एक चौथरा लपवायचा आणि भोवतालच्या खुणा पाहून उंदीर तो शोधतो का ते बघायचं. ऑफस्टॅड आणि मंडळींनी पाण्याऐवजी उष्णता घेतली. सगळी फरशी ३६ अंशांवर तापलेली, फक्त एक तुकडा २५ अंशांवर. थंड तुकडा दिसायला बाकीच्यांसारखाच. भोवती पट्ट्यापट्ट्यांचं गोल चित्र. दहा फेऱ्यांमध्ये माश्या थंड तुकडा अधिकाधिक लवकर गाठू लागल्या.

माझं म्हणणं असं की हा प्रयोग आपल्याकडच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात होऊ शकतो आणि व्हायला हवा. शिवाजी विद्यापीठाशी संलग्न कितीतरी कॉलेजांत ड्रोसोफिला पाळतात, पण तिचं काम पांढरे डोळे आणि आखूड पंख मोजण्यापुरतंच राहतं. इथे उद्यमनगरसारखी कारखान्यांची वसाहत आहे, अॅल्युमिनिअमची अचूक रिंग कातून देणारे कारागीर आहेत, इलेक्ट्रॉनिक्सची मुलं शेजारच्या वर्गात आहेत. उपकरण बनतं. खरी मेख उपकरणात नाहीच.

मेख अशी आहे: माशी थंड जागी पोचली म्हणजे तिला ती जागा आठवली, असं होत नाही. आधीच्या माश्यांचा वास तिला तिथे नेऊ शकतो. फरशीवरचा तापमानाचा उतार नेऊ शकतो. खिडकीतला उजेड नेऊ शकतो. भिंतीला धरून चालता चालता ती योगायोगाने तिथे पोचू शकते, किंवा बाकीच्या तिथे बसल्यात म्हणून तीही जाऊन बसते. यातली एकेक वाट बंद करत जाणं म्हणजेच हा प्रयोग. पुढची प्रत्येक पायरी त्यातली कुठली तरी वाट बंद करण्यासाठी आहे, हे ध्यानात ठेवून वाचा.

आधी साखरेचा थेंब

मोठ्या उपकरणाला हात घालण्याआधी एक प्रयोग करा. याला खर्च जवळजवळ नाही आणि एका सकाळी होतो. माशीचं चालणं बघायची सवय डोळ्यांना लागते ती यानेच.

माश्या १८ ते २४ तास उपाशी ठेवा. उपाशी म्हणजे अन्न नाही; पाणी हवंच. बाटलीच्या तळाशी ओला कापूस किंवा साधं अगर (समुद्री शेवाळापासून मिळणारी जेली) ठेवलं की भागतं. मोठ्या पेट्री डिशच्या तळाखाली पांढरा कागद घाला. मधोमध साखरेच्या पाण्याचा अगदी बारीक थेंब ठेवा, मायक्रोपिपेटच्या टोकाने टेकवलेला, माशी एका दमात संपवील एवढाच. एकच माशी सोडा. ती थेंब पिते, थेंब संपतो, ती निघते. आणि मग सरळ निघून जाण्याऐवजी वळसे घेत राहते. थोडं पुढे, वळण, परत थेंबाच्या जागी. पुन्हा दुसऱ्या दिशेला, पुन्हा परत. वळसे हळूहळू मोठे होत जातात.

व्हिन्सेंट डेथिअर यांनी १९५७ साली मोठ्या माश्यांमध्ये हे वर्णन केलं होतं. किम आणि मायकेल डिकिन्सन यांनी २०१७ साली ड्रोसोफिलात दाखवलं की बाहेरची खूण नसतानाही, आपण किती चाललो आणि किती वळलो याचा हिशेब ठेवून माशी मूळ जागी परतते. घरात लाईट गेल्यावर आपण अंधारात चाचपडत स्विचपर्यंत पोचतो, तसा हा पावलांचा हिशेब.

म्हणजे जागा लक्षात ठेवण्याचे निदान दोन मार्ग आहेत: हा पावलांचा हिशेब आणि भोवतालचं चित्र. तापलेल्या फरशीच्या प्रयोगात आपल्याला दुसरा तपासायचा आहे, त्यामुळे पहिला निकामी करावा लागेल. तो कसा, ते प्रशिक्षणाच्या भागात येईल.

तुलनेसाठी काही माश्यांना थेंब न देता तेवढाच वेळ डिशमध्ये चालू द्या आणि दोघींचे मार्ग पारदर्शक कागदावर काढा. थेंब प्यायलेल्या माशीच्या रेघांचा मधे गुंता होतो, दुसरीच्या रेघा कडेकडेने जातात.

माश्या आणि त्यांचं जेवण

मंडईतल्या केळ्यांवरून माश्या धरून आणू नका. आपल्याकडे त्या गर्दीत ड्रोसोफिलाच्या चार-दोन जाती तरी मिसळलेल्या असतात आणि झाप्रिओनस इंडियानससारख्या पाठीवर पांढरे पट्टे असलेल्या माश्याही येतात. आंब्यात अळी टाकणारी फळमाशी तर वेगळ्याच कुळातली. कँटन-एस किंवा ओरेगॉन-के यांसारखा ओळखीचा वाण घ्या. म्हैसूर विद्यापीठात ड्रोसोफिलाच्या वाणांचं केंद्र आहे आणि कोल्हापूरहून म्हैसूर काही सातासमुद्रापार नाही. विभागाच्या लेटरहेडवर रीतसर पत्र द्या.

खाण्यासाठी भारतातल्या बऱ्याच प्रयोगशाळा रवा-गुळाचं माध्यम वापरतात: १ लिटर पाण्याला १०० ग्रॅम रवा, १०० ग्रॅम गूळ, १० ग्रॅम अगर आणि साडेसात मिलिलिटर प्रोपिऑनिक आम्ल. अगर आणि गूळ पाण्यात विरघळवून रवा हळूहळू सोडा, गुठळ्या होऊ देऊ नका आणि दाट होईपर्यंत शिजवा. आम्ल गॅस बंद केल्यावर, मिश्रण थोडं निवाल्यावर घाला. उकळत्या मिश्रणात घातलं तर वाफेबरोबर उडून जातं आणि नाकाडोळ्यांना झोंबतं. हातमोजे घालाच. बाटल्यांत ओतून गार झालं की वर बेकरीच्या यीस्टचे दोन-चार दाणे.

गुळाबद्दल इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको, पण या कामासाठी सांगावं लागतं. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच गुळाला पिवळाधमक रंग यावा म्हणून काही गुऱ्हाळघरांत हायड्रॉस पावडर टाकतात. ही गंधकाची संयुगं अळ्यांच्या वाढीत नको तो फरक आणू शकतात आणि दर ढेपेत त्यांचं प्रमाण वेगळं असतं. शाहू मार्केट यार्डात चमकदार गुळामागे न लागता भेंडीच्या रसाने मळी काढलेला, काळपट, बिनारसायनाचा गूळ मागा. पूर्ण प्रयोगाला पुरेल एवढा एकाच ढेपेतला घ्या, फोडून हवाबंद डब्यात ठेवा आणि डब्यावर तारीख घाला.

बाटल्या २५ अंशांवर, १२ तास उजेड आणि १२ तास अंधार अशा ठेवा. अंड्यापासून माशी व्हायला सुमारे १० दिवस लागतात. एप्रिल-मे महिन्यात खोलीचं तापमान ३० अंशांच्या वर गेलं की नर वांझ होऊ लागतात आणि वाण बसतो. बीओडी इन्क्युबेटर, म्हणजे तापमान स्थिर राखणारं कपाट, नसेल तर त्या दिवसांत सुरुवातच करू नका. पावसाळ्यात तर अन्नावर दोन दिवसांत बुरशी येते आणि माइट, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारे बारीक किडे, तेही शिरतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा कोल्हापुरातला या कामाचा खरा हंगाम. सेमिस्टरचं वेळापत्रक सांभाळून प्रोजेक्ट त्यातच बसवा.

तापणारी फरशी

मूळ उपकरणात ६४ पेल्टिअर तुकडे होते. आपलं काम ९ तुकड्यांत होतं.

पेल्टिअर म्हणजे दोन सिरॅमिक चकत्यांमधला अर्धवाहकांचा चौकोन. एका दिशेने वीज सोडली की वरची बाजू गार आणि खालची गरम, दिशा उलटली की उलटं. बाजारात सहज मिळतो तो टीईसी१-१२७०६, ४० मिलिमीटरचा चौकोन. असे ३ गुणिले ३ लावले की १२ सेंटिमीटरचा चौरस होतो आणि त्यावर १२ सेंटिमीटर व्यासाचं गोल अंगण, म्हणजे माश्यांची फिरायची जागा, बसतं. मधला तुकडा आणि चार कोपऱ्यांतले तुकडे कायम गरम. चार बाजूंच्या मध्यावरचे चार तुकडे मात्र हवे तेव्हा गरम, हवे तेव्हा गार. थंड जागा नेहमी या चारांपैकीच एक असेल. गोलाच्या क्षेत्रफळात अशा एका तुकड्याचा वाटा सुमारे १४ टक्के येतो; हा आकडा लिहून ठेवा, मोजणीत लागेल.

खाली सगळ्यांना मिळून एक मोठं हीट सिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, हवं. पाच मिनिटांची फेरी चालू असताना हीट सिंक तापत गेलं तर थंड तुकडा २५ वरून सरकत वर जातो. नुसत्या पंख्यावर विसंबू नका. पाणी खेळवणारा अॅल्युमिनिअमचा ब्लॉक, बादलीभर पाणी आणि फिश टँकचा छोटा पंप एवढ्याने तो स्थिर राहतो.

प्रत्येक पेल्टिअरवर १ मिलिमीटर जाडीचा अॅल्युमिनिअमचा पत्रा थर्मल पेस्टने बसवा म्हणजे तापमान एकसारखं पसरतं. शेजारच्या पत्र्यांना तो चिकटता कामा नये, केसभर फट ठेवा. सगळ्यावरून पांढरी मास्किंग टेप सपाट लावा. टेपची तीन कामं: फट झाकते, सगळे तुकडे एकसारखे दिसतात आणि माश्यांचा वास टेपला लागतो, जी दर गटानंतर उपटून नवी लावता येते. नर माश्या मागे जो गंध सोडतात त्याने इतर माश्या ओढल्या जातात, त्यामुळे टेप वाचवण्यात शहाणपण नाही.

तापमान राखायला प्रत्येक तुकड्याखाली थर्मिस्टर (तापमान मोजणारा छोटा घटक) आणि सगळ्यावर नियंत्रण ठेवायला अर्डुइनो हा छोटा संगणक-बोर्ड. चार बदलत्या तुकड्यांना विजेची दिशा उलटवू शकणारं एच-ब्रिज सर्किट, बाकी पाचांना साधा मॉस्फेट, म्हणजे वीज कमी-जास्त करणारा ट्रान्झिस्टर. रिले, म्हणजे नुसता चालू-बंद होणारा विजेचा स्विच, वापरू नका. चालू-बंदच्या खेळात तापमान वरखाली होत राहतं. ३६ अंश राखायला पूर्ण १२ व्होल्ट लागत नाहीत, ५ व्होल्टच्या आसपास आणि प्रत्येकी २ अँपिअर पुरतात. लाईट जाते हे धरूनच चला. सगळं इन्व्हर्टरवर घ्या आणि फेरी चालू असताना लाईट गेली तर तो गट बाद करा, ‘थोडा वेळच गेली होती’ म्हणून ठेवू नका.

आता तपासणी. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत अॅल्युमिनिअमवर धरला की तो खोटं बोलतो. चकाकणारा पृष्ठभाग स्वतःची उष्णता कमी फेकतो आणि खोलीची परावर्तित करतो, त्यामुळे ३६ च्या जागी २८ सुद्धा दिसू शकतं. टेप लावल्यावरच मोजा. प्रत्येक तुकड्यावर पाच ठिकाणी मोजा आणि वहीत फरशीचं चित्र काढून त्यात आकडे भरा. गरम तुकड्यांमध्ये आपापसात अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक चालणार नाही. एखादा तुकडा कायम दीड अंशाने गार राहत असेल तर माशी तोच शिकेल आणि तुम्हाला वाटेल ती चित्र शिकली.

रिंगसाठी उद्यमनगरात जा. १२ सेंटिमीटर आतला व्यास, ३ मिलिमीटर उंची, आतली बाजू गुळगुळीत. वर झाकण म्हणून स्वच्छ काच. छत इतकं खाली असलं की माशी उडू शकत नाही, चालतेच. काचेला आतून फ्लुऑन किंवा सिलिकॉनचा पातळ, निसरडा लेप द्या म्हणजे ती छतावर उलटी चालत नाही. माश्यांना भिंत धरून चालायची फार ओढ असते. रिंगच्या बाहेरून नायक्रोमची (विजेने तापणारी) तार कॅप्टन टेपवर (उष्णता सोसणाऱ्या, वीजरोधक टेपवर) गुंडाळून रिंग ४० अंशांच्या थोडी वर ठेवा. तिथे त्या टेकत नाहीत. तारेवर आणखी एक टेपचा वेढा द्या, शॉकला आमंत्रण नको.

भोवतालचं चित्र

३० सेंटिमीटर व्यासाचा, २० सेंटिमीटर उंचीचा कागदी पिंप करा आणि अंगणाभोवती उभा करा. आतून चार भाग: उभे पट्टे, आडवे पट्टे, उजवीकडे कललेले, डावीकडे कललेले. फ्लेक्सवर छापून घ्यायचा मोह होईल कारण कोल्हापुरात फ्लेक्सला तोटा नाही, पण फ्लेक्स चकाकतो आणि त्यात दिव्याचं प्रतिबिंब खूण बनतं. मॅट कागदच घ्या.

पट्ट्याची रुंदी मनाला येईल तशी नको. ड्रोसोफिलाच्या एका डोळ्यात साधारण ७५० छोटे डोळे असतात आणि दोन शेजाऱ्यांच्या दिशांमध्ये सुमारे ५ अंशांचा कोन असतो. त्याहून बारीक रेघा तिला राखाडी दिसतात. १५ अंशांचा पट्टा सुरक्षित. आपल्या पिंपाचा घेर ९४ सेंटिमीटर, म्हणून एक पट्टा ३.९ सेंटिमीटरचा; एका चौथाईत तीन काळे, तीन पांढरे. माशी कडेला असताना समोरची भिंत २१ सेंटिमीटरवर जाते, तेव्हाही हा पट्टा १० अंशांहून मोठाच राहतो.

पिंप असा ठेवा की थंड तुकड्यासमोर एखादं चित्र न येता दोन चित्रांचा सांधा यावा. समोर आडवे पट्टे आणि त्यांच्या पुढ्यात थंड फरशी अशी मांडणी केली तर माशी एवढंच शिकेल की ‘आडव्या पट्ट्यांकडे चला’. ती खुणेकडे जाणं झालं, जागा ओळखणं नव्हे. सांध्यासमोर ठेवलं की तिला डावीकडे काय आणि उजवीकडे काय हे दोन्ही धरावं लागतं.

अजून एक गोष्ट इथेच करा, पुढे पस्तावायला नको. ड्रोसोफिलाला उभ्या काळ्या पट्ट्यांचं जन्मजात आकर्षण आहे. समोरासमोर दोन उभे पट्टे ठेवले तर ती कितीतरी वेळ त्यांच्यामध्ये येरझाऱ्या घालते. कार्ल ग्योट्झ यांनी १९८० साली याचाच प्रयोग केला. म्हणून सगळ्या गटांना थंड जागा उभ्या पट्ट्यांच्या सांध्याला देऊ नका. निम्म्या गटांना उभ्या-आडव्याचा सांधा, निम्म्यांना दोन कललेल्यांचा. तसं करण्यासाठी चित्रांचा क्रम उभे, आडवे, उजवे, डावे असाच हवा.

उजेड आणि कॅमेरा

खोलीच्या खिडक्या काळ्या कापडाने बंद. पिंपाच्या वर पांढरा अॅक्रिलिक आणि त्यावरून डीसीवर चालणारे एलईडी. माशीचा डोळा आपल्यापेक्षा कितीतरी वेगाने लुकलुकणं टिपतो, त्यामुळे जुन्या ट्यूबलाइटचं आपल्याला न दिसणारं थरथरणं तिला दिसतं. अॅक्रिलिकला मधोमध कॅमेऱ्यापुरतं भोक. कॅमेऱ्याची वायर, स्टँडचा पाय, तुमचा हात यातलं काहीही माशीला दिसता कामा नये. अंगणाच्या जागी मोबाइल उताणा ठेवून फोटो काढा. त्यात पिंप आणि पांढरं छत सोडून जे दिसेल ते झाका.

चित्रीकरण इन्फ्रारेडमध्ये करा, ८५० नॅनोमीटरचे एलईडी आणि आतला फिल्टर काढलेला वेबकॅम. माशीला तो उजेड दिसत नाही, म्हणून अंधारातली चाचणीही याच कॅमेऱ्याने होते. माग काढायला सीट्रॅक्स किंवा इमेजजे ही मोफत सॉफ्टवेअर आहेत.

माश्यांची तयारी

तीन ते पाच दिवसांच्या माद्या. मादी मोठी, पोट टोकदार. नराचं पोट मागे काळं आणि गोलसर. निवड करताना ईथर वापरू नका. बशीतल्या बर्फावर पेट्री डिश ठेवून त्यात माश्या गार करा, कार्बन डायऑक्साइडपेक्षाही हे बरं. निवडल्यावर निदान पूर्ण दिवस त्यांना अन्नावर सोडा. प्रयोगाच्या दिवशी गुंगी अजिबात नाही. रबरी नळी, टोकाला पिपेटचं टिप, मध्ये मलमलचा तुकडा असा तोंडाने ओढायचा शोषक करा आणि त्यातून हळूच अंगणात सोडा. पंख फाटलेली, लंगडणारी माशी आत्ताच बाजूला काढा.

दिवसातली वेळ ठरलेली हवी. माश्या सकाळी आणि संध्याकाळी चपळ असतात, दुपारी झोपाळतात. एक गट सकाळी आठला आणि दुसरा दुपारी दोनला, असं केलंत तर तुमच्या आलेखात घड्याळच दिसेल.

प्रशिक्षण

एका गटात १० ते १५ माश्या. पाच मिनिटांची एक फेरी, अशा दहा.

पहिल्या फेरीत एक तुकडा २५ अंशांवर, बाकी सगळं ३६ वर. माश्या सैरावैरा धावतात, हळूहळू एकेक थंड तुकड्यावर येते आणि थांबते. ते थांबणं बघण्यासारखं असतं: धावत आलेली माशी कडेवर पाऊल पडताच गर्रकन वळते, परत आत येते आणि निवांत पाय घासायला लागते.

फेरी संपली की दिवा बंद. अंधारात दोन गोष्टी एकदम करायच्या: थंड जागा दुसऱ्या तुकड्यावर न्यायची आणि पिंप तेवढ्याच कोनातून फिरवायचा, म्हणजे थंड तुकडा पुन्हा त्याच सांध्यासमोर येईल. तुकडे आपल्या तापमानावर आले की दिवा चालू, पुढची फेरी सुरू. माश्यांना हात लावायचा नाही. पिंपाला खाली बॉल बेअरिंगची फिरती थाळी लावली की तो न हिसकता फिरतो.

पावलांचा हिशेब इथेच निकामी होतो. मागच्या फेरीतली जागा आता तापलेली आहे, नवी जागा फक्त चित्र सांगतं. फरशीवर राहिलेला वासही जुन्याच जागेकडे नेतो, म्हणजे वासाच्या नादाने गेलेली माशी चुकतेच. पण थंड जागा दर वेळी घड्याळाच्या दिशेने एक घर पुढे सरकवलीत तर माशी ‘नेहमी उजवीकडे’ एवढंच शिकून मोकळी होईल. डावं, उजवं, समोरचं असा क्रम आधी चिठ्ठ्या टाकून ठरवा, कागदावर लिहा आणि भिंतीला चिकटवा.

खरी परीक्षा

दहाव्या फेरीनंतर दिवा बंद करून पिंप नव्या कोनात फिरवा, पण या वेळी कुठलाही तुकडा थंड करू नका. नऊच्या नऊ ३६ वर. दिवा लावा आणि ६० सेकंद चित्रीकरण करा.

सगळ्या प्रयोगात सर्वांत मोलाचा हा एक मिनिट. आता तापमान तिला काहीच सांगू शकत नाही. चित्र जिथे बोट दाखवतं त्या तुकड्यावर ती जाते का, तिथे घुटमळते का, हे बघायचं. आधीच्या दहा फेऱ्यांत पोचण्याचा वेळ कमी झाला, याला मी स्वतः फारसं महत्त्व देत नाही. घाबरलेली माशी सवयीने शांत झाली, अधिक सरळ चालायला लागली, तरी तो वेळ कमी होऊ शकतो.

तुलनेचे गट

हे गट ‘वेळ उरला तर’ करायचे नाहीत. मुख्य गटांइतकेच आणि त्यांच्याच बरोबरीने, आलटूनपालटून करायचे.

पहिला, तुटलेल्या जोडीचा: थंड जागाही फिरते आणि पिंपही फिरतो, पण दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. माश्यांना तेवढीच उष्णता, तेवढाच थंडावा, तेवढीच चित्रं मिळतात, फक्त चित्रातून काही कळत नाही. दुसरा, अंधाराचा: सगळं मुख्य गटासारखं, पण दिवा कधीच लागत नाही. जोडी जुळलेला गट परीक्षेत पुढे आणि हे दोन्ही मागे, असं आलं तरच बोलायला तोंड आहे. अंधारातला गटही तेवढाच हुशार निघाला तर फरशीत कुठेतरी गळती आहे: एखादा तुकडा गार, टेप जुनी, नाहीतर इन्फ्रारेड दिव्यातून लालसर उजेड. पुन्हा थर्मामीटर घेऊन बसा.

वेळ असेल तर एक तिसराही करावा. परीक्षेच्या मिनिटात सांध्याच्या एका बाजूचं चित्र कोऱ्या राखाडी कागदाने झाका. माशी एकाच खुणेच्या भरवशावर चालत असेल तर त्या बाजूनुसार निकाल बदलेल.

मोजणी

परीक्षेच्या मिनिटात प्रत्येक माशी हक्काच्या तुकड्यावर किती सेकंद होती ते काढा, याला ह म्हणा. उरलेल्या तीन बाजूच्या तुकड्यांवरच्या वेळाची सरासरी इ. मग (ह − इ) भागिले (ह + इ). शून्य आलं तर आठवण नाही, १ च्या जवळ गेलं तर पक्की. समजा हक्काच्या तुकड्यावर १५ सेकंद आणि बाकी तिघांवर सरासरी ५, तर उत्तर अर्धा. सोबत हेही बघा की कुठलाच कल नसलेली माशी एका तुकड्यावर ६० पैकी साधारण ८ सेकंद काढेल, कारण तुकडा १४ टक्क्यांचा आहे. तुटलेल्या जोडीचे गट या आकड्याच्या आसपास आले तर उपकरणावर विश्वास ठेवा.

एक चूक प्रोजेक्टच्या वह्यांत सर्रास दिसते. १५ माश्यांचे १० गट केले की लोक १५० नमुने असं लिहितात. नमुने १०. एका अंगणातल्या माश्या एकमेकींना बघतात, धडकतात, एकीमागे दुसरी जाते, त्यामुळे त्या स्वतंत्र नव्हेत. गटाची सरासरी काढा आणि गटांचीच तुलना करा. मान-व्हिटनीची चाचणी, म्हणजे दोन संचांची तुलना करणारी संख्याशास्त्रीय चाचणी, या कामाला योग्य आहे. आणि व्हिडिओ मोजणाऱ्याला कुठला गट कुठला हे माहीत नसावं. फाइलींना दुसऱ्या कुणाकडून नुसते क्रमांक देऊन घ्या.

इथून पुढे

साध्या वाणात स्वच्छ निकाल मिळाला की उत्परिवर्तित माश्या आणता येतात. रुटाबागा नावाच्या जनुकात बिघाड असलेल्या माश्यांत सायक्लिक एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू बनवणारं एक विकर कमी पडतं. त्यांची वासाची स्मृती कच्ची असते आणि उष्णतेच्या डबीतल्या (जिच्या एका अर्ध्यात गेलं की ती तापते) जागेच्या प्रयोगातही त्या मागे पडतात. वासाच्या स्मृतीला माशीच्या मेंदूतल्या अळंबीच्या आकाराच्या जोडगोळीची गरज लागते. ऑफस्टॅड यांच्या प्रयोगात मात्र ती बंद करूनही माश्या जागा शिकल्या. अडल्या त्या मेंदूच्या मधोमध असलेल्या कड्यासारख्या भागातल्या काही पेशी बंद केल्यावर. योहानेस सीलिग आणि विवेक जयरामन यांनी २०१५ साली याच भागात माशीचं तोंड कुठल्या दिशेला आहे हे दाखवणारी, होकायंत्राच्या काट्यासारखी फिरणारी हालचाल पाहिली.

नवा वाण थेट स्मृतीच्या परीक्षेला बसवू नका. आधी तीन साध्या चाचण्या: ती साध्या वाणाइतक्या वेगाने चालते का, ३६ अंशांची फरशी टाळते का, उभ्या पट्ट्याकडे वळते का. यातल्या एकीत जरी ती कमी पडली तर अंगणात ती थंड तुकडा चुकली याचं कारण आठवण नसून पाय, कातडी किंवा डोळे असू शकतात. या तिन्हींचे आकडे स्मृतीच्या आकड्याशेजारी, त्याच तक्त्यात द्या. काम झालेल्या माश्या, विशेषतः बाहेरून आणलेल्या वाणाच्या, उघड्यावर सोडू नका. बाटली रात्रभर डीप फ्रीझरमध्ये ठेवून मगच धुवा.